पाच देशांचा प्रकल्प, एक फोल्डर आणि उरलेले सात महिने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डब्लिनमध्ये एका कामगार संघटनेच्या शिक्षण विभागात चार महिन्यांपूर्वी रुजू झालात. आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड आणि स्वीडन इथल्या पाच संघटनांचा, इरॅस्मस प्लस या युरोपियन संघाच्या शिक्षण-अनुदान योजनेतला प्रकल्प आधीचा समन्वयक सोडून गेल्यामुळे तुमच्या गळ्यात पडला. विषय आहे कामाच्या ठिकाणची डिजिटल देखरेख: हातातला स्कॅनर, गाडीतला ट्रॅकर, टार्गेट ठरवणारं सॉफ्टवेअर, आणि या सगळ्याबद्दल मालकाशी कसं बोलायचं हे कामगार प्रतिनिधींना शिकवणं. चार मॉड्यूल, एक हँडबुक आणि काही व्हिडिओ तयार आहेत. सात महिने उरलेत आणि प्रसाराच्या, म्हणजे ही सामग्री लोकांपर्यंत पोचवण्याच्या, आराखड्याचा तक्ता रिकामा आहे. वेबसाइट कशी असावी, समारोपाच्या परिषदेला किती लोक बोलवावेत आणि सोशल मीडियावर आठवड्याला किती पोस्ट टाकाव्यात, हे तुम्ही विचारलंय.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत देता येतील, पण त्याने तुमचं काम होणार नाही. मी २००९ पासून जर्मनीत हेच करतोय. लिओनार्दो दा विंची नावाची योजना होती तेव्हा सुरुवात केली, नंतर इरॅस्मस प्लस आलं. इतक्या वर्षांत वेबसाइट वाईट होती म्हणून वाया गेलेला प्रकल्प मी पाहिलेला नाही. वाया गेले ते असे, की शेवटच्या दिवशी कुणाला विचारलं, ‘हे पुढच्या महिन्यात कुठल्या वर्गात, कोण शिकवणार आहे?’, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. पैसा कुठल्या खिडकीतून आलाय ते बघा. इरॅस्मस प्लसमध्ये २०२२ पासून सहकार्य भागीदारीला, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून करायच्या प्रकल्पाला, ठोक रक्कम मिळते: १,२०,०००, २,५०,००० किंवा ४,००,००० युरो. त्याआधी, २०१४ पासून, प्रसाराच्या कार्यक्रमांना डोकी मोजून पैसे मिळायचे, स्थानिक माणसाचे १०० युरो आणि परदेशी पाहुण्याचे २००. त्यामुळे सभागृह भरण्याची जी सवय लागली ती अजून गेलेली नाही. तुमचा प्रश्नही त्याच सवयीतून आलाय असं मला वाटतं. आणि पैसा इरॅस्मसचा नसून युरोपियन आयोगाच्या कामगार संघटनांसाठीच्या माहिती व प्रशिक्षण निधीतून आला असेल, तर हिशेबाची सगळी रीतच वेगळी. म्हणून अनुदानाचा करार एकदा शांतपणे वाचा. सही करणारा माणूस सोडून गेला असेल, तर तो तुमच्या ऑफिसात कुणीच वाचलेला नाही असं धरून चाला.

आता फोल्डरकडे. पहिला आठवडा मी यातच घालवीन. मागे एका प्रकल्पात मलाही असाच अर्ध्यावर कारभार मिळाला होता. सामायिक ड्राइव्हवर हँडबुकच्या अकरा फायली होत्या. एकीचं नाव ‘अंतिम’, दुसरीचं ‘अंतिम २’, तिसरीचं ‘अंतिम, मारियाने दुरुस्त केलेलं’. पोलिश भाषांतर ‘अंतिम’वरून झालं होतं, इटालियन तिसऱ्या फायलीवरून, आणि मूळ इंग्रजीत त्यानंतर दोन प्रकरणं बदलली होती. छापून आल्यावर एका प्रशिक्षकाने विचारलं, ‘आमच्या पुस्तकात सहावा सराव का नाही?’ भाषांतराचे पैसे दोनदा गेले. तेव्हापासून माझा नियम एकच: मूळ मजकूर एकाच माणसाच्या ताब्यात, फायलीच्या नावात तारीख, आणि भाषांतराला जाणाऱ्या आवृत्तीला कुलूप. कुलूप लागल्यावर कितीही चांगली सूचना आली तरी ती पुढच्या आवृत्तीत. लोक रुसतात, रुसू देत.

फोल्डर नीट लागला की मजकुराकडे वळा, कारण खरी अडचण तिथे आहे. तुमच्या मॉड्यूलमध्ये कुठे ना कुठे ‘प्रतिनिधीला देखरेखीच्या यंत्रणेबद्दल वाटाघाटीचा हक्क आहे’ अशा अर्थाचं वाक्य असणारच. हे वाक्य पाच देशांत पाच प्रकारे खरं आहे, आणि काही ठिकाणी खोटं. जर्मनीत ‘बेट्रिब्सराट’ म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांनी निवडलेली परिषद, तिचे सदस्य संघटनेचे असतीलच असं नाही. कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवू शकणारं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर मालकाला तिची संमती लागते, तसं कायद्याच्या कलम ८७ मध्ये आहे. संघटनेचे कारखान्यातले कार्यकर्ते वेगळे, त्यांना ‘फरट्राउअन्सलॉयटं’ म्हणतात, आणि त्यांना हा हक्क नाही. इटलीत १९७० चा कामगार हक्कांचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे दुरून नजर ठेवणारं साधन बसवायचं तर कारखान्यातल्या संघटना प्रतिनिधींशी करार करावा लागतो, नाहीतर कामगार निरीक्षकांची परवानगी. स्वीडनमध्ये अशी वेगळी परिषदच नाही. तिथे संघटनाच मालकासमोर बसते आणि १९७६ च्या सहनिर्णय कायद्यामुळे मोठा बदल करण्याआधी मालकाला चर्चा करावीच लागते. आयर्लंडचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

भाषांतरकार बिचारा ‘प्रतिनिधी’ला आपल्या भाषेतला जवळचा शब्द लावतो आणि पुढे जातो. शब्द बरोबर, कायदा चुकीचा. एखादा कार्यकर्ता ते पान घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला तर तोंडघशी पडेल आणि परत आपल्या पुस्तकाला हात लावणार नाही. म्हणून सामग्री दोन भागांत फोडा असं मी सांगीन. एक सामायिक गाभा: प्रश्न कसे विचारायचे, स्कॅनर नेमकी कुठली माहिती जमवतो ते कसं शोधायचं, सहकाऱ्यांचे अनुभव कसे गोळा करायचे. आणि दुसरी प्रत्येक देशाची एक सुटी पुरवणी, दोन-तीन पानांची, त्या देशातल्या माणसाने मुळातूनच लिहिलेली, भाषांतर न केलेली. याचा दुसरा फायदा असा की कायदा बदलला तर फक्त पुरवणी बदलावी लागते. अख्खं हँडबुक शिळं होत नाही.

लांबीचाही विचार करा. आमच्याकडे जर्मनीत बहुतेक राज्यांत कामगाराला वर्षाला पाच दिवस शिक्षणाची रजा मिळते, आणि बेट्रिब्सराटच्या सदस्यांच्या आवश्यक प्रशिक्षणाचा खर्च तर मालकावर असतो. त्यामुळे जर्मन भागीदार पाच दिवसांचं शिबिर सहज आखतो. तेच शिबिर दुसऱ्या एखाद्या देशात न्या, जिथे प्रशिक्षकाला लोक मिळतात ते दोन पाळ्यांच्या मधले दीड तास. मग तो मॉड्यूल उघडतच नाही. मी एकदा एका गोदामाजवळच्या संघटनेच्या खोलीत मागच्या बाकावर बसून हे पाहिलंय. प्रशिक्षिका रात्रपाळी संपवून आलेल्या नऊ जणांसमोर उभी. आमचं ४८ पानांचं मॉड्यूल तिच्या पिशवीत होतं, बाहेर निघालं नाही. त्यातल्या दोनच पानांची तिने झेरॉक्स काढली होती, ‘तुमच्या मनगटावरचं यंत्र काय काय मोजतं?’ या प्रश्नावलीची. चहाच्या कपांमध्ये ती पानं पसरलेली आणि लोक आपापल्या स्कॅनरकडे बघून खुणा करताहेत. अडीच वर्षांच्या प्रकल्पाचं फलित म्हणायचं तर ती दोन पानं. पुढच्या आवृत्तीत आम्ही ती पहिल्या पानावर आणली आणि बाकीचं मागे परिशिष्टात ढकललं. त्या ४८ पानांच्या लेखकाने माझ्याशी काही महिने धड बोलणं टाकलं होतं.

म्हणजे वाटायचं काय, हे प्रशिक्षक ठरवतात. तुमच्याकडे सात महिने आहेत. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक देशात प्रकल्पाबाहेरच्या दोन प्रशिक्षकांकडून एकेक सत्र शिकवून घ्या. बाहेरचेच हवेत, कारण आतल्यांना कुठे अडखळायला होतं ते दिसत नाही. त्यांनी काय वापरलं, काय गाळलं, कुठे स्वतःचं उदाहरण घातलं, एवढं लिहून घ्या. अंतिम अहवालात ‘परिणाम’ या मथळ्याखाली ही दहा सत्रं ज्या वजनाने उभी राहतात त्याच्या जवळपास पोस्टच्या लाइक जात नाहीत. अहवालाला १०० पैकी गुण मिळतात आणि ७० च्या खाली गेलात की ठोक रकमेतून पैसे कापले जातात, हे वरिष्ठांना सांगायला विसरू नका. एरवी अशा गोष्टींना ‘वेळ नाही’ म्हणणारे लोक हे ऐकून वेळ काढतात.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि जी मला सगळ्यात जास्त छळते: नावं आणि फोटो. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय डेटा संरक्षण नियमात नववं कलम आहे. आरोग्य, धर्म, राजकीय मत यांच्याच पंक्तीला तिथे कामगार संघटनेचं सदस्यत्व बसवलंय, म्हणजे खास संरक्षणाची माहिती. एखाद्या स्वयंपाकाच्या प्रकल्पाने सहभागींची यादी वेबसाइटवर टाकली तर ते थोडं निष्काळजीपणाचं. आपण टाकली तर अमुक माणूस युनियनचा आहे हे त्याच्या मालकाला सांगून मोकळे होतो. एका भागीदाराने शिबिराची हजेरी, सह्यांसकट, ‘पुरावा’ म्हणून पीडीएफमध्ये घालून वर चढवली होती. त्यातला एक मुलगा कंत्राटी होता, सहा महिन्यांच्या करारावर. त्याने फोन केला तोवर ती फाइल चार संघटनांच्या साइटवर गेलेली. काढून टाकली, पण गूगलमधून जायला आणखी काही आठवडे लागले. त्याचं काम टिकलं, पण तो परत कुठल्या शिबिराला आला नाही.

तेव्हा हजेरी, सह्या, पावत्या हे तपासणीसाठीचं बाड. शेवटचा हप्ता मिळाल्यापासून पाच वर्षं ते जपावं लागतं, ६०,००० युरोपर्यंतच्या अनुदानाला तीन वर्षं. ते संघटनेच्या बंद सर्व्हरवर, मोजक्या माणसांच्या हातात राहू द्या. लोकांसाठीचा फोल्डर अगदी वेगळा हवा, एकाच ड्राइव्हवरचे दोन कप्पे नकोत. फोटोंना लेखी संमती घ्या आणि संमतीच्या कागदावर फोटो कुठे दिसणार ते नेमकं लिहा. मी तर आता हातांचे, फळ्याचे, पाठमोऱ्या माणसांचे फोटो काढायला सांगतो. परिषदेचा फोटोग्राफर वैतागतो.

वेबसाइटचं सांगतो, कारण तुम्ही विचारलंय. स्वतंत्र डोमेन घेऊ नका. प्रकल्प संपला की दोन वर्षांनी नूतनीकरणाचं बिल अशा ईमेलवर जातं जो पत्ता वापरणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. मग ते नाव कुणीतरी उचलतो. आमच्या एका जुन्या प्रकल्पाच्या पत्त्यावर आज ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात आहे, आणि तो पत्ता छापील हँडबुकच्या मलपृष्ठावर आहे. त्यापेक्षा प्रत्येक संघटनेच्या चालू साइटवर एकेक पान करा. इरॅस्मस प्लसच्या प्रकल्प फलितांच्या अधिकृत मंचावर तर चढवावंच लागतं, आणि ते अंतिम अहवालाच्या वेळेत, म्हणजे प्रकल्प संपल्यावर ६० दिवसांत. शिवाय एक प्रत झेनोडो या ऑनलाइन भांडारात ठेवा. ते २०१३ पासून सर्न ही युरोपीय संशोधन संस्था चालवते, ते फुकट आहे आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. छापील कागदावर तो क्रमांक द्या. संघटनांचं विलीनीकरण झालं, साइट नव्याने बांधली, तरी तो चालतो. प्रौढ शिक्षणाच्या एपाले या मंचावर एक लेख लिहा. तिथे तुमच्यासारखेच लोक वाचायला येतात, पण कारखान्यातला प्रशिक्षक तिथे येईल अशी आशा धरू नका.

परवान्याचंही आत्ताच मिटवा. इरॅस्मसच्या पैशातून तयार झालेली शैक्षणिक सामग्री खुल्या परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही वापरता येईल अशी, द्यावी लागते. बहुतेक जण क्रिएटिव्ह कॉमन्सचा एखादा प्रकार घेतात. घोडं पेंड खातं ते जुन्या मालापाशी. कुठल्यातरी भागीदाराने आपल्या जुन्या अभ्यासक्रमातली दहा पानं, वर्तमानपत्रातलं एक व्यंगचित्र आणि यूट्यूबवरचा तुकडा आत घातलेला असतो. त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत, तर तुम्ही ते खुलं कसं करणार? चार मॉड्यूल उघडून प्रत्येक चित्राखाली ‘हे कुठून आलं?’ एवढी नोंद करायला एक दिवस पुरतो. युरोपियन संघाचं बोधचिन्ह आणि सहअर्थसाहाय्याची ओळ प्रत्येक फायलीवर आहे ना, तेही त्याच दिवशी बघून टाका.

परिषद लहान ठेवा. चाळीस लोक पुरेत, पण ते निवडून. प्रत्येक देशातून संघटनेच्या शिक्षण समितीत ज्याला मत आहे असा एक माणूस हवाच. कारण प्रसाराचा खरा निर्णय तिथे होतो: हे मॉड्यूल पुढच्या वर्षीच्या शिबिरांच्या छापील वेळापत्रकात येणार की नाही. ही वेळापत्रकं बऱ्याच संघटनांमध्ये पुष्कळ आधी पक्की होतात. तुमची परिषद त्यानंतर असेल तर ते वरातीमागून घोडं. ब्रसेल्समधल्या युरोपियन ट्रेड युनियन इन्स्टिट्यूटच्या शिक्षण विभागालाही वेळेत कळवा, कारण वेगवेगळ्या देशांतल्या संघटनांचे प्रशिक्षक त्यांच्या अभ्यासवर्गांना येतात. सोशल मीडियाचं म्हणाल तर प्रत्येक संघटनेच्या चालू खात्यावरून महिन्याला एक चांगली पोस्ट. प्रकल्पाचं वेगळं खातं उघडून पासष्ट अनुयायी जमवण्यात काही अर्थ नाही.

मी वेळापत्रकावर इतका भर का देतो, तर ब्रिटनचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. तिथे १९९८ मध्ये युनियन लर्निंग फंड, म्हणजे संघटनांमार्फत कामगारांच्या शिक्षणासाठीचा सरकारी निधी, सुरू झाला आणि २००६ मध्ये टीयूसी या तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने युनियनलर्न ही संस्था उभी केली. साइट उत्तम होती, सामग्रीचा डोंगर होता. सरकारने मार्च २०२१ अखेर इंग्लंडमधला निधी बंद केला आणि तो सगळा डोलारा आवरावा लागला. मात्र ‘युनियन लर्निंग रेप्रेझेंटेटिव्ह’ राहिले, म्हणजे सहकाऱ्यांना शिकायला उद्युक्त करणारे कारखान्यातले, ऑफिसातले प्रतिनिधी. त्यांना कामाच्या वेळेत हे करण्याचा हक्क २००२ च्या रोजगार कायद्याने दिलेला आहे, आणि तो निधीबरोबर गेला नाही. आपल्या छोट्या प्रकल्पाला कायदा करून घेता येत नाही हे खरं, पण संघटनेच्या वार्षिक वेळापत्रकात एक ओळ मिळवता येते.

इतकं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर क्रम असा धरा: या आठवड्यात करार आणि फोल्डर, या महिन्यात चित्रांचे हक्क आणि नावांची साफसफाई, पुढचे तीन महिने बाहेरच्या प्रशिक्षकांची सत्रं आणि त्यावरून देशोदेशीच्या पुरवण्या, मग कुलूपबंद आवृत्ती, भाषांतर, आणि सगळ्यात शेवटी परिषद. परिषदेची तारीख मात्र आजच शिक्षण समित्यांना विचारून ठरवा.

शेवटी तुम्ही ताजा कलम टाकलाय, की चाकणला वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या भावाला यातलं काही मराठीत करून दिलं तर चालेल का. परवाना भाषांतराला मोकळा असेल तर खुशाल करा, कुणाची परवानगी नको. मूळ संस्थांचं नाव आणि परवान्याची ओळ तेवढी ठेवा, आणि हे तुम्ही केलेलं भाषांतर आहे असं लिहा. देशांच्या पुरवण्या त्याच्या काहीच कामाच्या नाहीत, त्या गाळा. ती दोन पानांची प्रश्नावली तेवढी करा. स्कॅनर काय मोजतो, ते कोण बघतं, किती दिवस ठेवतात, लघवीला गेलेली पाच मिनिटं त्यात कशी दिसतात, हे प्रश्न चाकणलाही तेच आहेत. कच्चं मराठी झालं की मला पाठवा, बघून देतो. ‘मॉनिटरिंग’ला ‘संनियंत्रण’ वगैरे लिहू नका, तिथे लाइनवर जो शब्द चालतो तो भावालाच विचारा.